वळचणीचं पाणी आढ्याला

मिरग लागला, पश्चिमेचा वारा सुटला आणि पहिली खरी झड आली, की मालवण किनाऱ्यावरच्या नव्या घरांत एक ठरलेला देखावा दिसतो. स्लायडिंगच्या खिडकीत जुना टॉवेल पिळून घातलेला, खाली परात, आणि बाजूच्या भिंतीवर रंगाला आलेले फोड. देवबागेत पर्यटकांसाठी बांधलेलं घर असो की कुडाळातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, टॉवेल सगळीकडे सारखाच. मग फॅब्रिकेटरला फोन जातो. तो उघाड बघून येतो, बंदुकीत नळी चढवतो, चौकटीभोवती चारही बाजूंनी सिलिकॉनची पांढरी रेघ ओढतो आणि जाताना सांगतो, "आता एक थेंब येवचो नाय." पुढच्या मिरगाला थेंब येतो. नळी पुन्हा चढते.

या पांढऱ्या रेघेमागे एक मत उभं आहे, आणि त्या मताचं खंडन करायला हा लेख लिहितो आहे.

पूर्वपक्ष

खंडन करायचं तर समोरचं मत त्याच्या भक्कम रूपात मांडावं, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. म्हणून ते आधी नीट मांडतो. खिडकीतून पाणी येतं, कारण कुठेतरी फट आहे. फट बुजवली की पाणी थांबेल. थांबलं नाही तर एखादी फट नजरेतून सुटली आहे. ती शोधा आणि तीही बुजवा. फट जितकी बारीक, तितकं पाणी कमी; फट शून्य, तर पाणी शून्य.

हे मत अडाण्याचं नाही. घरमालक, फॅब्रिकेटर, हार्डवेअरवाले आणि बरेच इंजिनिअरही ते मानतात. माठ फुटला तर लाख लावतात, पत्र्याला भोक पडलं तर डांबर लावतात, मग खिडकीला वेगळा न्याय का? शिवाय काम तासाभराचं, खर्च थोडका आणि गुण दिसतो. निदान चार-सहा महिने तरी दिसतो.

तरीही हे मत चुकीचं आहे, आणि ते नुसतं अपुरं पडतं एवढंच नाही. त्याच्या नादाने न गळणाऱ्या खिडक्याही गळू लागतात.

एक कारण की कारणांची जमवाजमव?

कार्य एकट्या कारणाने घडत नाही, कारणांची सामग्री जमावी लागते, असं आपले नैयायिक सांगतात. घट व्हायला माती हवी, चाक हवं, दांडा हवा आणि कुंभारही हवा. यातलं एक काढून घ्या, घट होत नाही.

गळतीची सामग्री तिहेरी आहे: भिंतीवर आलेलं पाणी, आत शिरायला फट, आणि पाण्याला त्या फटीतून आत नेणारा जोर. तिन्ही एका जागी, एका वेळी आली तरच टॉवेल भिजतो. हीच मांडणी जी. के. गार्डन यांनी १९६३ साली कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या एका छोट्या पुस्तिकेत केली होती. नॉर्वेत, जिथे समुद्रावरून येणारा पाऊस आपल्यासारखाच आडवा मारतो, तिथले संशोधकही साधारण त्याच सुमारास या निष्कर्षाला आले होते. तिघांपैकी कुठलंही एक काढा, गळती थांबेल. पण फट काढणं हा तिन्हींतला सगळ्यात बिनभरवशाचा उपाय, कारण सगळ्या फटी कायमच्या बंद ठेवणं कुणालाच जमत नाही.

पूर्वपक्षाची पहिली चूक ही. तिघांपैकी एकच कारण त्याने पाहिलं, आणि तेही सगळ्यात हट्टी असलेलं.

बारीक फट जास्त ओढते

दुसरी चूक आकड्यांनीच दाखवावी लागते. फट बारीक तर पाणी कमी, असं आपण धरून चालतो. आता एक गणित करून पाहा. ओल्या होणाऱ्या दोन सपाट पृष्ठभागांत ३ मिलिमीटरची फट असेल, तर पाणी त्यात आपोआप सुमारे ५ मिलिमीटर वर चढतं. फट १ मिलिमीटरची केली की चढाई १५ मिलिमीटरच्या आसपास जाते. अर्ध्या मिलिमीटरला ती ३० च्या घरात पोचते. गिलाव्यातली केसाएवढी, दशांश मिलिमीटरची भेग असेल, तर आदर्श स्थितीत पाणी जवळजवळ वीतभर चढू शकतं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढायचं ते याच केशाकर्षणाने, आणि वातीला कुणी कधी भोक पाडलेलं नव्हतं.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. कौलांच्या घरात ते खरं होतं. चौकट आणि गिलावा यांच्यामधल्या अर्धवट बुजवलेल्या फटीत मात्र वळचणीचं पाणी बिनबोभाट आढ्याला जातं. सिलिकॉनची रेघ एका कडेला सुटली, की करंगळी जाईल अशी मोकळी फट राहत नाही, नखही शिरणार नाही अशी फट तयार होते. रुंद फटीतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरलं असतं. या फटीतलं पाणी धरलं जातं, वर ओढलं जातं आणि उन्हाला दिसतही नाही, म्हणून वाळत नाही. अर्धवट बुजवणं हे उघडं ठेवण्याहून वाईट, ते यामुळे.

ट्रॅकमधले बुडबुडे

आता जोराकडे येऊ. झडीच्या वेळी स्लायडिंगच्या ट्रॅककडे वाकून बघितलंत, तर भातासारखं खदखदणारं पाणी दिसेल. ते उकळत नसतं. बाहेरचा वारा त्या पाण्यातून घरात फुंकर घालत असतो.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आपल्या भारतीय मानकातलंच आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, उत्तर पास्कलमध्ये येतं. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर, दाब ६० पास्कल. एवढा दाब ६ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. ताशी ५४ च्या झोताला हा स्तंभ १४ मिलिमीटरचा होतो, ७२ ला २४ मिलिमीटरचा, आणि १०८ ला ५५ मिलिमीटरचा. माझ्या घरातल्या ट्रॅकची आतली कड मी मोजली. ती २२ मिलिमीटर भरली. याचा अर्थ, ताशी ५४ च्या वाऱ्यात ट्रॅकमध्ये पाणी साठेल पण घरात येणार नाही, आणि ७२ च्या वाऱ्यात ते कड ओलांडून थेट लादीवर येईल. यात फटीचा दोष कुठे आला? खिडकी नवी कोरी असती, तरी हेच झालं असतं.

ट्रॅकमधलं पाणी बाहेर जावं म्हणून बाहेरच्या कडेला तळाशी छोटी भोकं किंवा लांबट खाचा ठेवलेल्या असतात. वाऱ्याचा झोत ओसरला की साठलेलं पाणी त्यांतून निथळतं. खिडकीची मोरीच ती. आणि बुजवण्याचं मत डोक्यात घेऊन आलेला कारागीर सगळ्यात आधी बुजवतो ती हीच भोकं, कारण त्याच्या लेखी भोक म्हणजे शत्रू. कधी ती सिलिकॉनखाली जातात, कधी रंगाऱ्याच्या पुट्टीखाली, कधी देवबागेची वाळू आणि मेलेल्या पाकोळ्या त्यांत अडकतात. कधी तर ती पाडलेलीच नसतात. मग ट्रॅक म्हणजे दोन्ही तोंडं लिंपलेली पन्हळ होते. पाणी शेवटी त्यातल्या त्यात खुज्या कडेवरून जातं, आणि ती कड घराच्या आत असते.

वाऱ्याबद्दलची आणखी एक गोष्ट घराघरांत उलटी केली जाते. पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि कोंदटपणा नको म्हणून पूर्वेचं मागचं दार उघडं ठेवायचं, ही आपली सवय. पण वाऱ्याच्या पाठीकडच्या बाजूला हवा विरळ झालेली असते. तिथलं दार उघडं ठेवलं, की घरातला दाब उतरतो आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ढकल आणि आतून ओढ अशी दुहेरी सक्ती होते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा हेच काम विजेवर करतो. झड चालू असेपर्यंत मागचं दार लोटून घ्या आणि पंखा बंद ठेवा. काही खिडक्या तेवढ्यानेच गप्प होतात. सिलिकॉनचा एक थेंबही न लावता.

पांढरी रेघ टिकत का नाही

कुणी म्हणेल, ठीक, पण फट खरोखर पूर्ण बुजवली आणि ती तशीच राहिली तर? तशी ती राहत नाही, आणि त्याची कारणं साधी आहेत.

ॲल्युमिनियम उन्हात पसरतं. दीड मीटरची चौकट ३० अंशांनी तापली, तर सुमारे १ मिलिमीटर वाढते. तेवढ्याच तापमानात भिंत निम्म्यानेच वाढते. पश्चिमेला बसवलेल्या गडद रंगाच्या चौकटीला हा फरक रोज दुपारी सोसावा लागतो. सांधा ६ मिलिमीटर रुंद आणि नीट भरलेला असेल, तर अर्ध्या मिलिमीटरचा ताण तो सहज पेलतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवरून नुसती ओढलेली रेघ मात्र दुप्पट ताणावी लागते, आणि ती सुटते. इथेही तेच उलटं गणित: टिकाऊ सांध्याला फट रुंद हवी, बारीक नको.

शिवाय सिलिकॉनला चिकटायला स्वच्छ, कोरडा पृष्ठभाग लागतो. आपल्याकडे चौकटीवर खाऱ्या वाऱ्याचा थर असतो, गिलाव्यावर धूळ असते, आणि ओला जांभा आतून ओल देत असतो. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड बसत नाही, तरी दर वर्षी जुन्यावरच नवं चढतं. काही नळ्यांना लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्यांतून सुटणारं आम्ल सिमेंटच्या गिलाव्याला सोसत नाही आणि उघड्या धातूला खातं. आंबूस वास नसलेली, न्यूट्रल प्रकारची नळी मागावी लागते, आणि ती मागणारा गिऱ्हाईक विरळा.

मग दर वर्षी गुण दिसतो तो कसा? आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फॅब्रिकेटर बहुधा श्रावणातल्या उघडीपीत किंवा गणपतीच्या तोंडावर येतो. तोवर पश्चिमेचा जोर ओसरलेला असतो. गळती थांबली ती वारा पडला म्हणून. श्रेय गेलं नळीला. पडताळा पुढच्या जूनमध्ये होतो, तोवर कुणाला आठवतं?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप किनाऱ्यावरचाच आहे, आणि तो गंभीर आहे. होडीचं काय? फळ्यांच्या फटींत कापूस ठासून, वर राळ-तेल चढवूनच होडी तरते. ती तर चोवीस तास पाण्यातच असते. बुजवण्याचं तत्त्व तिथे चालतं, मग खिडकीत का नाही?

समाधान असं. होडीची फळी पाणी पिऊन फुगते आणि फट स्वतःच आवळून घेते; ॲल्युमिनियम आणि काच पाणी पीत नाहीत. होडीवरचा दाब सतत एकाच बाजूने असतो, तर झोताझोताला दाब बदलणारी खिडकी मागेपुढे हलत राहते. आणि मुख्य म्हणजे, होडीच्या मालकाला बुजवण्यावर अंधविश्वास नसतो. पावसाळी मासेमारीबंदीत होडी वर ओढली जाते आणि तिच्या फटींची दर वर्षी नव्याने डागडुजी होते. एवढं करूनही होडीत पाणी उपसायचं भांडं असतंच. जो दर्यावर्दी बुजवण्याच्या कलेत निष्णात, तोही पाणी आत येईल हे धरूनच निघतो आणि ते बाहेर काढायची सोय बरोबर नेतो. म्हणजे होडीचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतं.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. जुन्या लाकडी खिडक्या कुठे गळत होत्या? हा सगळा ॲल्युमिनियमचा दोष.

तेही खरं नाही. जुन्या लाकडी खिडकीच्या झडपांत बोट जाईल अशा फटी असत. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या खिडक्या आजही दिसतात; त्यांच्या लाकडी जाळीतून हवा खुशाल ये-जा करते. या खिडक्या गळत नसत, कारण त्यांच्यापर्यंत पाणीच पोचत नसे. पुढे पडवी, पडवीवर खाली झुकलेलं छप्पर, आणि मिरगाआधी पडवीच्या उघड्या बाजूला बांधलेले चुडतांचे झाप. कारणसामग्रीतलं पहिलं कारणच, म्हणजे पाणी, त्या घरांनी दारातून परतवलं होतं.

आणि त्या छपराकडेही नीट बघा. कौलारू छप्पर हे न बुजवलेल्या फटींचं छप्पर आहे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्या कौलात सिमेंट नाही, डिंक नाही, रबर नाही. एक कौल दुसऱ्यावर नुसतं टेकलेलं असतं, खाच खाचेत बसलेली असते, मधून हवा खेळते, चुलीचा धूरही जातो. तरी वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या सिंधुदुर्गात ते छप्पर पिढ्यानपिढ्या कोरडं राहिलं. त्याला उतार होता, एकावर एक चढ होता, आणि पाण्याला पागोळीपर्यंत सलग वाट होती. दर उन्हाळ्यात घर शाकारताना फुटलेलं कौल बदलत, सरकलेलं बसवत. फटी बुजवायला कुणी वर चढत नसे. ज्या माणसाच्या आजोबांनी आयुष्यभर न बुजवलेल्या फटींखाली कोरडी झोप घेतली, त्यानेच आज फट दिसली की घाबरावं, हे नवल आहे.

मंडन: वाट द्या

नुसतं खंडन करून उठून जाणं ही वितंडा झाली. म्हणून आता माझा पक्ष. तो एका वाक्यात असा: पाण्याला आधी दूर ठेवा, आलंच तर बाहेरची वाट द्या, आणि बुजवायचं ते सगळ्यात शेवटी आणि आतल्या बाजूला.

पण त्याआधी निदान. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला ऐकवलं होतं, "पाणी खय दिसता ता बघू नको, खयसून येता ता बघ." जांभ्याची भिंत सच्छिद्र. वरच्या मजल्याच्या खिडकीखाली किंवा छज्जा आणि भिंत जुळते त्या रेषेत शिरलेलं पाणी चिऱ्यातून झिरपत खाली येतं आणि तुमच्या चौकटीच्या कोपऱ्यात प्रकट होतं. तिथे सिलिकॉन लावणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून उशी बदलणं. यावर अन्वय-व्यतिरेकाची, म्हणजे कारण असलं की कार्य होतं आणि नसलं की होत नाही हे पडताळण्याची, परीक्षा आहे. उघाड बघून एकाने बाहेर नळीने पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. सुरुवात सगळ्यात खालून: आधी खिडकीखालची भिंत दहा-पंधरा मिनिटं, मग खालची चौकट, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छज्ज्याचा सांधा. वरून सुरू केलंत तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. ज्या टप्प्यावर आत पाणी आलं, तो दोषी. वाऱ्याच्या दिवशी बंद खिडकीच्या कडेने उदबत्ती फिरवली, तर धूर कुठे वळतो त्यावरून हवेची वाटही सापडते.

आता पाणी दूर ठेवणं. छज्जा हवाच, पण त्याची ताकद ओळखून. मध्यम आकाराचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. वारा सेकंदाला १५ मीटरचा असेल, तर दीड फुटी छज्जा खिडकीचा वरचा जेमतेम वीतभर भाग झाकतो. पश्चिमेच्या भिंतीला तेवढं पुरत नाही. तिथे घर बांधतानाच पडवी किंवा खोल गॅलरी धरावी, खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला न बसवता आत ओढून बसवावी. तरीही छज्ज्याचा दुसरा उपयोग मोठा आहे: वरच्या भिंतीवरून ओघळणारं पाणी तो खिडकीपासून बाजूला काढतो. मात्र त्याच्या खालच्या पृष्ठभागावर, बाहेरच्या कडेपासून थोडं आत, बोटभर रुंद खाच हवी. ती नसेल तर पृष्ठताणाच्या जोरावर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून उलटं भिंतीकडे सरकतं. खाच आली की थेंब तिथे सुटतो आणि खाली पडतो. ही खाच म्हणजे सिमेंटमधली पागोळीच. खिडकीच्या तळाशी हौसेने बसवलेल्या ग्रॅनाइटलाही हाच नियम: उतार बाहेर, कड भिंतीच्या पुढे, आणि पोटाला खाच. किती तरी घरांत ते ग्रॅनाइट पाणसळ लावून अगदी सपाट बसवलेलं दिसतं, क्वचित आत झुकलेलंही. गवंड्याचं काम सुबक, आणि पाणी घरात.

मग वाट. ट्रॅकची भोकं ६ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत; त्याहून बारीक भोकात पाणी पृष्ठताणाने अडून बसतं. गोल भोकापेक्षा लांबट खाच चांगली, आणि तिच्यावर वाऱ्याची फुंकर अडवणारी छोटी टोपी. चौकट बसवताना ट्रॅकच्या तळातून भिंतीत स्क्रू मारतात, तो प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याच्या टाकीला पाडलेलं छिद्र. स्क्रू बाजूंनी मारावेत, स्टेनलेस स्टीलचे मारावेत, आणि किनाऱ्यावर तर ३१६ दर्जाचेच.

शेवटी बुजवणं. सिलिकॉनशी माझं वैर नाही. त्याची जागा चुकली आहे एवढंच म्हणणं आहे. चौकट आणि भिंत यांचा सांधा दोन्ही बाजूंनी आणि वरून भरावा, रुंद ठेवून, मागे फोमची दोरी घालून. खालच्या कडेला बाहेरून पाणी निसटायला जागा राहू द्यावी. आणि हवा अडवणारा घट्ट थर आतल्या, कोरड्या बाजूला असावा. तो आत का, हे एका बाटलीने कळतं. रिकामी बाटली आडवी धरा, तोंडाशी कागदाचा छोटा बोळा ठेवा आणि फुंका. बोळा आत जायच्या ऐवजी उडून तुमच्याच तोंडावर येतो, कारण बाटली मागून बंद आहे आणि आतला दाब फुंकरीशी बरोबरी करतो. त्याच बाटलीच्या बुडाला भोक पाडा, बोळा आत जातो. खिडकी आतून घट्ट आणि बाहेरून मोकळी असली, की मधल्या पोकळीत बाहेरच्याइतकाच दाब होतो. वाऱ्याला ढकलायला काही उरत नाही आणि थेंब स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. बाहेरून घट्ट आणि आतून सैल खिडकी म्हणजे बुडाला भोक पडलेली बाटली. आपल्याकडे बहुतेक खिडक्या तशाच दुरुस्त होतात.

दाबाबरोबर थेंबाचा वेगही मोडायला हवा, आणि तो मोडतो वळणाने. वळणाचं हे शहाणपण मालवणात बघायला लांब जावं लागत नाही. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्या किल्ल्याचा दरवाजा समुद्रातून येणाऱ्याला समोर दिसतच नाही. तटाच्या वळणांत तो दडवलेला आहे. दरवाजा बंद असणं ही नंतरची गोष्ट. आधी शत्रूचा वेग वळणावर मोडतो. चांगल्या खिडकीच्या चौकटीतही अशीच वळणं असतात, आणि वाऱ्यावर स्वार होऊन आलेला थेंब त्यांवर आपटून खाली बसतो.

कुणाची खिडकी, कुणाची भिंत

एवढं सरळ असताना चुकीचं मत का टिकलं? याचं कारण कामाच्या वाटणीत आहे. गवंड्याचं काम चौकटीपाशी संपतं, फॅब्रिकेटरचं चौकटीपासून सुरू होतं. दोघांचे ठेके वेगळे, येण्याच्या वेळा वेगळ्या. तळाचा उतार कुणाचा? छज्ज्याची खाच कुणाची? चौकट आणि चिरा यांच्यामधली बोटभर जागा कुणाची? कुणाचीच नाही, आणि पाणी नेमकं तिथून येतं. मग गळती झाल्यावर जो शेवटी आला, तो आपल्या हातात आहे तेवढंच करतो: नळी चढवतो. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. घर बांधताना दोघांना एका खिडकीपाशी एका दिवशी उभं करणं हे मालकाचं काम आहे.

माझ्या पक्षाची हद्द

आपल्या मताची हद्द सांगितल्याशिवाय वाद पुरा होत नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, तसल्या वाऱ्यात घरगुती स्लायडिंगची खिडकी पाणी अडवील असा दावा मी करत नाही. ५५ मिलिमीटरचा स्तंभ २२ मिलिमीटरच्या कडेचं ऐकत नाही, तिथे तत्त्वज्ञान चालत नाही. खिडक्यांच्या चाचणीची मानकंही हे कबूल करतात. ईएन १२२०८ या युरोपीय मानकात खिडकी जलरोधक आहे की नाही एवढ्यावर प्रश्न संपत नाही. किती दाबापर्यंत ती पाणी अडवते, त्यावर वर्ग ठरतो. ९ए हा वर्ग ६०० पास्कलचा, म्हणजे ताशी ११४ किलोमीटरच्या वाऱ्याचा. तिसऱ्या मजल्यावर समुद्राला तोंड करून खिडकी बसवणाऱ्याने असा आकडा लेखी मागावा. "एक थेंब येवचो नाय" हा आकडा नव्हे. आणि ज्याला एवढा खर्च झेपत नाही, त्याने पश्चिमेला स्लायडिंगऐवजी दाबून बंद होणाऱ्या पाखांची खिडकी घ्यावी. तिचं रबर वाऱ्याने आणखी आवळतं किंवा निदान ढिलं तरी होत नाही.

बाकीच्यांसाठी मिरगाआधीचा एक उद्योग सुचवतो. २०२५ साली मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला, तेव्हा 'जूनमध्ये बघू' म्हणणाऱ्यांचे टॉवेल आधी भिजले. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यातच करा. मोडक्या छत्रीची एक तार घ्या, खिडकीबाहेर वाका, आणि ट्रॅकच्या तळाची भोकं एकेक करून मोकळी करा. वाळू निघेल, पाकोळ्यांचे पंख निघतील, आणि गेल्या वर्षीच्या पांढऱ्या रेघेचा तुकडाही निघेल. मग तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता आणि ते कुठल्या बाजूला उतरतं ते बघा. बाहेर उतरलं, तर नळीवाल्याला फोन करायची घाई करू नका.